अल्यूशियनचा गुलाबी खडक: आधी पाणमांजर गेलं, मग पाणी बदललं

हातात घेतला तर दगडच वाटेल असा एक तुकडा. रंग फिकट गुलाबी, वजनाला जड. तो करवतीने मधोमध कापायचा, कापलेली बाजू घासून चकचकीत करायची आणि भिंगाखाली धरायची. आत बारीक बारीक पट्टे दिसतात, झाडाच्या बुंध्यात दिसतात तसे, दर वर्षाला एक. एका पट्ट्याची जाडी साधारण मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणजे सेंटिमीटरभर थर चढायला तीस वर्षं. पट्टे एकापाठोपाठ एक शिस्तीत चाललेले असतात आणि मध्येच एखाद्या ठिकाणी खळगा लागतो. वरून कुणीतरी खरवडून नेल्यासारखा. त्याच्यावरून पुढच्या वर्षांचे पट्टे पुन्हा चढलेले असतात. ही खूण दातांची. दात कोणत्या काळात लागले, ते पट्टे मोजून सांगता येतं.

हा तुकडा दगड नाही, शैवाल आहे. क्लॅथ्रोमॉर्फम नेरिओस्ट्रॅटम हे त्याचं नाव. लाल शैवालांपैकी असून हे स्वतःच्या पेशीभिंतींत चुना भरत जातं. अलास्काच्या शेपटाला लागून रशियातल्या कामचाटकाच्या दिशेने जी अल्यूशियन बेटांची माळ गेली आहे, सुमारे 1,900 किलोमीटर लांबीची, तिच्या किनाऱ्यालगत या शैवालाने शेकडो, काही ठिकाणी हजारो वर्षं खपून समुद्रतळावर गुलाबी थर रचले. प्रवाळाचे खडक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उबदार, निळं पाणी येतं. इथे उन्हाळ्यातही पाणी जेमतेम 10 अंश सेल्सियस.

हे थर आता झिजतायत, आणि जितक्या संथपणे बांधले गेले त्याच्या कितीतरी पट वेगाने. 2020 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात डग्लस रॅशर, रॉबर्ट स्टेनेक, योखेन हाल्फार, क्रिस्टी क्रोकर, जेम्स एस्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या झिजेचा माग काढणारं काम प्रसिद्ध केलं. ‘हवामानबदलाने समुद्र तापला, आम्ल झाला आणि शैवाल मेलं’ अशी एका वाक्यात बसणारी ही गोष्ट नाही. तापमान आणि आम्लता यात आहेत, मोठ्या हिश्शाने आहेत. पण त्यांना आत यायला दार आधीच कुणीतरी उघडून ठेवलं होतं.

पाण्याखालचं रान

अल्यूशियन बेटांवर झाडं उगवत नाहीत म्हटलं तरी चालेल. वारा, धुकं, गवत आणि ज्वालामुखी. रान आहे ते पाण्याखाली, केल्पचं. केल्प म्हणजे थंड समुद्रात वाढणारी तपकिरी शैवालं. मुळासारख्या पकडीने ती खडकाला धरून बसतात आणि उजेडाकडे वर जातात. इथलं पृष्ठभागापर्यंत पोचणारं मुख्य केल्प युअलेरिया. त्याच्या पानाची मधली शीर पोकळ असते, आत हवेचे कप्पे असतात आणि त्यांच्या जोरावर ते लांबलचक पान पाण्यावर तरंगतं. त्याच्या सावलीत बुटक्या लॅमिनेरियाची दाटी. आपल्याकडे कोकणच्या कातळावर सरगॅसम दिसतं, तेही तपकिरी शैवालच. पण भारताच्या किनाऱ्यावर केल्पचं रान कुठेच नाही, पाणी फार उबदार पडतं. तरी केल्प आपल्या तोंडात जाऊन आलेलं असतं. दंतवैद्य दातांचा साचा घ्यायला जो थंडगार गिळगिळीत लगदा तोंडात कोंबतात, त्यातलं अल्जिनेट अशाच तपकिरी शैवालांपासून निघतं.

रानात काय चालतं? केल्प उन्हावर वाढतं. त्याचे तुकडे तुटतात, कुजतात आणि त्या भुग्यावर शिंपले, बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे कवचधारी) आणि असंख्य बारीक कवचधारी जगतात. 1989 साली डगिन्स, सिमेनस्टॅड आणि एस्टिस यांनी कार्बनच्या समस्थानिकांवरून दाखवलं की केल्प असलेल्या बेटांवरच्या प्राण्यांच्या अंगात केल्पमधून आलेला कार्बन भरपूर असतो. तिथले शिंपले आणि बार्नॅकल उघड्या तळाच्या बेटांवरच्यांपेक्षा 2 ते 5 पट वेगाने वाढतात. त्या बारक्या जीवांवर ग्रीनलिंगसारखे मासे, माशांवर सील, कुरव आणि टकले गरुड.

आणि केल्प थेट चरणारा एक प्राणी: सी-अर्चिन. लिंबापासून संत्र्यापर्यंतच्या आकाराचा काटेरी चेंडू. तोंड खाली, पोटाशी. तोंडात पाच दात, आणि ते दात चालवणारी यंत्रणा इतकी देखणी की तिला ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात. हे दात झिजतात तसे स्वतःला धार लावत राहतात आणि मागून नवे सरकतात. खडक खरवडायला याहून चांगलं हत्यार समुद्रात शोधून सापडणार नाही.

या अर्चिनला खाणारं जनावर म्हणजे समुद्री पाणमांजर. गोव्यात आणि सिंधुदुर्गात खाडीकाठी जी पाणमांजरं, म्हणजे ऊद दिसतात, त्यांचं हे चुलत घराणं. पण हे जवळजवळ सगळं आयुष्य समुद्रात काढतं. उताणं तरंगतं, छातीवर दगड ठेवतं, त्यावर शिंपला आपटतं. सील-देवमाशांसारखा चरबीचा थर याच्या अंगावर नाही. थंडी अडवायला आहे ती फक्त फर, एका चौरस सेंटिमीटरमध्ये लाखावर केस. ऊब टिकवायची तर सतत खावं लागतं, रोज स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा. तीस किलोचं जनावर दिवसाला सात-आठ किलो फस्त करतं. जिथे पाणमांजरं नांदतात तिथे मोठे अर्चिन उरत नाहीत. जे उरतात ते लहान, आणि कपारीत दडलेले.

गुलाबी शैवाल या सगळ्याच्या खाली, पायासारखं. केल्पची पकड त्याच्यावर बसते, बारके जीव त्याच्या भोकांत राहतात.

फरची हाव

व्हिटस बेरिंगची मोहीम 1741 साली या बेटांजवळून गेली. परतीच्या वाटेत जहाज फुटलं, बेरिंग वारला, उरलेल्या खलाशांनी एका ओसाड बेटावर हिवाळा काढला. त्यांच्यात गेओर्ग श्टेलर नावाचा निसर्ग-अभ्यासक होता. केल्प खाऊन जगणाऱ्या अजस्र समुद्रगाईचं वर्णन त्यानेच लिहून ठेवलं. पुढच्या 27 वर्षांत ती गाय पृथ्वीवरून नाहीशी झाली. खलाशी घरी पोचले ते पाणमांजराची कातडी घेऊन. चीनच्या बाजारात त्या कातड्याला जो भाव मिळाला, त्याने रशियन शिकाऱ्यांची रीघ लागली. शिकार त्यांनी स्वतः केली त्याहून जास्त या बेटांवरच्या मूळच्या उनांगन लोकांकडून करून घेतली. गावातली माणसं ओलीस ठेवायची आणि पुरुषांना कातडी बोटींतून समुद्रात पाठवायचं, अशी रीत होती. पाणमांजरांच्या आधी त्या माणसांची संख्या खचली, हे केल्पच्या चर्चेत सहसा कुणी सांगत नाही.

1911 साली अमेरिका, रशिया, जपान आणि ब्रिटन यांच्यात करार होऊन शिकार थांबली, तोवर अख्ख्या उत्तर प्रशांत महासागरात एक-दोन हजार पाणमांजरं उरली होती, तेरा तुटक वस्त्यांमध्ये. त्याआधी दीड ते तीन लाख असावीत असा अंदाज आहे. करारानंतर अल्यूशियनमधल्या काही वस्त्या हळूहळू भरल्या, काही बेटं रिकामीच राहिली.

हा योगायोग विज्ञानाच्या पथ्यावर पडला. शेजारशेजारच्या बेटांपैकी काहींवर पाणमांजरं, काहींवर नाहीत. मुद्दाम असा प्रयोग मांडायचा म्हटलं असतं तर कुणी परवानगी दिली नसती.

अम्चिट्का आणि शेम्या

1970 साली जेम्स एस्टिस, वर ज्यांचं काम सांगितलं त्या संशोधकांपैकी एक, अल्यूशियनमधल्या अम्चिट्का बेटावर आला तो अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या पैशांवर. त्या बेटाखाली अणुचाचण्या चालू होत्या, तीन झाल्या: 1965, 1969 आणि 1971 साली. शेवटची अमेरिकेची आजवरची सर्वांत मोठी भूमिगत चाचणी. तिच्या निषेधासाठी व्हँकुव्हरहून निघालेल्या बोटीतून पुढे ग्रीनपीस उभी राहिली. चाचण्यांचा पाणमांजरांवर काय परिणाम होतो, हे बघायला आयोगाला माणसं हवी होती. एस्टिसच्या डोक्यात सुरुवातीला प्रश्न उलटा होता: केल्पचं रान पाणमांजरांना कसं पोसतं? त्याला सरळ केलं रॉबर्ट पेनने. खडकाळ किनाऱ्यावरून एकच तारामासा काढून टाकला तर सगळी वसाहत बदलते, हे दाखवून ‘कीस्टोन’ प्रजातीची कल्पना रुजवणारा तो हाच. पेनचं म्हणणं होतं, वरून खाली बघ; पाणमांजर रानाचं काय करतं ते विचार.

एस्टिस आणि जॉन पामिसानो त्याच माळेतल्या शेम्या बेटावर गेले. तिथे पाणमांजरं परतली नव्हती. पाण्यात डोकं घालताच उत्तर समोर होतं: तळावर अर्चिनचा गालिचा, केल्पचं नाव नाही. अम्चिट्काला पाणमांजरं, आणि रान. 1974 साली हे प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून पर्यावरणशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ‘पाणमांजर–अर्चिन–केल्प’ हा त्रिकोण ठाण मांडून बसला.

पाठ्यपुस्तकात क्वचित येणारी एक पुरवणी मला जास्त आवडते. अम्चिट्कावर उनांगन लोकांच्या जुन्या उकिरड्यांचं उत्खनन झालं होतं. 1978 साली सिमेनस्टॅड, एस्टिस आणि केनियन यांनी त्या थरांतली हाडं आणि कवचं तपासली. काही थरांत मासे आणि सील जास्त, काहींत अर्चिनच्या कवचांचा खच. त्यांचा निष्कर्ष असा की, सुमारे 2,500 वर्षांपूर्वीपासून माणसांनी आपल्या वस्तीजवळची पाणमांजरं विरळ केली होती आणि तेवढ्यापुरता तळ अर्चिनच्या ताब्यात गेला होता. म्हणजे या समुद्राला दोन्ही अवस्था पूर्वीपासून ठाऊक आहेत. मग आता वेगळं काय घडतंय, हा प्रश्न इथूनच उभा राहतो. या प्रकरणाचा गाभाही तोच.

पावणेचार ऑर्का

1990 च्या दशकात एक विचित्र गोष्ट झाली. शिकार नाही, रोग नाही, उपासमार नाही, तरी पाणमांजरं कमी होऊ लागली. मेलेली जनावरं किनाऱ्याला लागत नव्हती. पाण्यातून नाहीशी होत होती. वेग वर्षाला सुमारे 25 टक्के.

अल्यूशियनमधल्याच एडक बेटावर क्लॅम लगून नावाची खाडी आहे. तोंड अरुंद आणि उथळ, मोठा प्राणी आत येऊ शकत नाही. शेजारीच उघडी कुलुक खाडी. 90 च्या दशकात कुलुकमधली पाणमांजरं झपाट्याने घटली. क्लॅम लगूनमधली होती तेवढीच राहिली. पाणी तेच, खाणं तेच. फरक एवढाच, की एका ठिकाणी ऑर्का, म्हणजे खुनी देवमासा शिरू शकत होता. पाणमांजरावर ऑर्काने हल्ला केल्याचं याआधी क्वचितच कुणी पाहिलं होतं, आता ते वारंवार दिसू लागलं. 1998 साली एस्टिसच्या गटाने ‘सायन्स’मध्ये हिशेब मांडला. सहा वर्षांत नाहीशी झालेली सुमारे 40,000 पाणमांजरं संपवायला किती ऑर्का लागतील? फक्त पाणमांजरांवरच जगतील असे 3.7. पावणेचारही नाहीत! प्रत्यक्षात ऑर्का इतर शिकारही करतात, त्यामुळे हा आकडा शब्दशः घेऊ नये. पण मोजक्या भुकेल्यांनी सवय बदलली तर हजार किलोमीटरचा किनारा बदलतो, हे त्याने डोळ्यांत भरलं.

सवय का बदलली, यावर मात्र तज्ज्ञांत एकमत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे देवमासे यांत्रिक जहाजांनी बेसुमार मारले गेले, म्हणून ऑर्का आधी सीलकडे, मग समुद्रसिंहांकडे आणि शेवटी फरच्या त्या लहानशा घासाकडे वळले, असा एक तर्क 2003 साली मांडला गेला. त्यावर कडाडून टीका झाली आणि वाद अजून मिटलेला नाही. मला तो तर्क आकर्षक वाटतो. नेमकं त्यामुळेच मी त्यावर फार भार टाकणार नाही.

परिणामाबद्दल मात्र वाद नाही. एडकजवळ 1987 ते 1997 या दहा वर्षांत अर्चिनचं एकूण वजन आठपट वाढलं आणि केल्पची दाटी बारा पटींनी घटली. रानातले मासे कमी झाले. घरट्यांत मासे आणि पाणमांजराची पिल्लं आणणारे टकले गरुड समुद्रपक्ष्यांकडे वळले. 2005 साली नैर्ऋत्य अलास्कातली समुद्री पाणमांजरं अमेरिकेच्या कायद्याखाली धोक्यातली म्हणून नोंदवली गेली.

इथवर ही गोष्ट शेम्याचीच पुनरावृत्ती. केल्प गेलं तर जाऊ दे, पाणमांजरं परतली की दोन-चार वर्षांत उगवेल. तळाचा पाया शाबूत असला तर.

कडप्प्याच्या ओट्यावरचं लिंबू

केल्प संपल्यावर अर्चिन मरत नाही. अर्धपोटी वर्षानुवर्षं तग धरतो आणि मिळेल ते खरवडतो. अल्यूशियनमध्ये उरलं होतं ते गुलाबी शैवाल.

त्याची रचना बघायला हवी. सगळ्यात वर पातळ, जिवंत साल. तिच्याखाली वाढीचा थर, नव्या पेशी बनतात तो. त्याखाली मेलेल्या चुनखडी सांगाड्याचे शेकडो वर्षांचे पट्टे. वरवर कुणी थोडं खरवडलं तर शैवालाचं फारसं बिघडत नाही, उलट अंगावर उगवणारी परकी शैवालं निघून जातात. दात वाढीच्या थरापलीकडे गेला की मात्र तेवढा भाग मेला. जगणं आणि मरणं यांतलं अंतर मिलिमीटरच्या अंशात मोजायचं.

आता रसायनशास्त्र. कडप्प्याच्या ओट्यावर चिरलेलं लिंबू विसरून राहिलं की दुसऱ्या दिवशी पांढरट डाग दिसतो आणि तो घासून जात नाही. कडप्पा हा चुनखडीच. आम्लाने त्याचा पृष्ठभाग खाल्लेला असतो. समुद्राचं असं अक्षरशः होत नाही. समुद्र अजून अल्कधर्मीच आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी पृष्ठभागाचा सामू (पीएच) सरासरी 8.2 होता, आता 8.1 च्या आसपास. हा एक दशांश क्षुल्लक वाटतो, पण सामूची मोजपट्टी लघुगणकी आहे, एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, म्हणून हायड्रोजन आयनांत ही वाढ 25 ते 30 टक्के भरते. हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत 280 भागांवरून 420 च्या वर गेला. समुद्र त्यातला मोठा वाटा गिळतो, पाण्यात कार्बोनिक आम्ल होतं आणि चुना बांधायला लागणारे कार्बोनेट आयन कमी पडतात.

अल्यूशियनला याची झळ लवकर का बसते? थंड पाण्यात वायू जास्त विरघळतो, हे सोड्याची बाटली उन्हात ठेवणाऱ्या कुणालाही माहीत आहे. शिवाय उत्तर प्रशांताचं खोल पाणी शेकडो वर्षं पृष्ठभागाला न आलेलं, कुजणाऱ्या पदार्थांच्या कार्बनने आधीच भरलेलं. ते बेटांमधल्या खिंडींतून वर घुसळलं जातं. त्यात या शैवालाचा चुना म्हणजे भरपूर मॅग्नेशियम असलेलं कॅल्साइट, चुन्याच्या प्रकारांत सगळ्यात लवकर विरघळणाऱ्यांपैकी. कमी कार्बोनेटच्या पाण्यात ते बांधायला शैवालाला जास्त कष्ट पडतात आणि सांगाडा ठिसूळ राहतो.

तापमानाचं काम सरळ आहे. अर्चिन थंड रक्ताचा. पाणी एखाद-दोन अंशांनी गरम झालं की त्याच्या शरीराचा गाडा वेगाने चालतो, भूक वाढते, दात जास्त चालतात. भिंत कच्ची आणि उंदीर जास्त भुकेला, दोन्ही एकाच वेळी.

टाकीतला भूतकाळ

रॅशर आणि मंडळींनी दोन पुरावे जोडले. पहिला, सुरुवातीला सांगितलेले पट्टे. त्यांत दातांच्या खुणा पाणमांजरांच्या चढउताराबरोबर कमी-जास्त होतात. फरच्या व्यापाराच्या काळात पाणमांजरं संपत आली तेव्हा खुणा वाढतात. विसाव्या शतकात ती परतली तेव्हा कमी होतात. 90 च्या दशकानंतर पुन्हा वाढतात. म्हणजे अर्चिनने या शैवालावर हल्ला करण्याची ही पहिली वेळ नाही. फरच्या काळातही पहारेकरी नव्हता, तरी तेव्हा थर टिकले आणि आज ते पोखरले जातायत.

हा फरक समजून घ्यायला दुसरा पुरावा, प्रयोगशाळेतला. टाक्यांमध्ये तीन काळांचं पाणी तयार केलं: औद्योगिक क्रांतीपूर्वीचं, आजचं आणि शतकाअखेरीस अपेक्षित असलेलं, प्रत्येकाचं तापमान आणि सामू वेगळा. त्यात शैवाल आणि अर्चिन एकत्र ठेवले आणि शैवालाला मारणारे घाव मोजले. जुन्या पाण्याच्या तुलनेत आजच्या पाण्यात एकेका अर्चिनचं घातक खरवडणं 34 ते 60 टक्क्यांनी जास्त निघालं. शतकाअखेरच्या पाण्यात त्यात आणखी भर पडली.

‘एकेका अर्चिनचं’ या दोन शब्दांवर थोडं थांबायला हवं. समुद्रात किती अर्चिन आहेत आणि केवढे मोठे आहेत, हे पाणमांजर ठरवतं. त्यातला प्रत्येक अर्चिन किती खोल चावतो, हे पाणी ठरवतं. तळाचं एकूण नुकसान म्हणजे या दोहोंचा गुणाकार. पाणमांजरं असती तर पहिला आकडा शून्याकडे सरकला असता आणि पाणी कितीही बिघडलेलं असलं तरी गुणाकार लहान राहिला असता. ती नाहीत, म्हणून हवेतल्या कार्बनला शैवालावर बसायला अर्चिनचे दात मिळाले. तापमान आणि सामू या गोष्टी आपण नेहमी थेट बळीवर मोजतो: इतक्या सामूला इतकं टक्के शैवाल मेलं. इथे घाव पडतो तो तिसऱ्याच्या तोंडून. शैवाल एकटं टाकीत ठेवून ही गोष्ट कधीच दिसली नसती.

स्वतः केल्पला चुना लागत नाही. जास्तीचा कार्बन डायऑक्साइड काही जातींना मानवतोही. त्यामुळे ‘आम्लतेमुळे केल्पला काय होतं’ असं विचारलं तर उत्तर ‘फारसं नाही’ असं येऊ शकतं. ते उत्तर खरं आहे आणि अल्यूशियनमध्ये त्याचा काही उपयोग नाही.

मग पाणमांजरं सोडा की!

हे सुचायला वेळ लागत नाही, आणि दुसरीकडे ते झालंही आहे. अम्चिट्का आणि अलास्काच्याच प्रिन्स विल्यम साउंडमधून 1965 ते 1969 या काळात सुमारे 400 पाणमांजरं आग्नेय अलास्कात नेऊन सोडली होती. तिथे ती वीस हजारांच्या पुढे गेली. रान परतलं, आणि खेकडे, समुद्री काकडी, मोठे शिंपले यांच्यावर पोट असलेल्या कोळ्यांनी कपाळावर हात मारला, कारण पाणमांजराला तेच आवडतं. कोळ्यांची ती तक्रार मला आडमुठी वाटत नाही. त्यांच्या आजोबांचा धंदाच मुळी पाणमांजरं नसलेल्या समुद्रात उभा राहिला होता.

अल्यूशियनमध्ये अडचण वेगळी आहे. तिथे धंद्याचा विरोध कमी, पण ऑर्का आहेत. सोडलेलं जनावर उघड्या पाण्यात टिकलं पाहिजे, आणि ऑर्काच्या सवयीवर कुठल्याही खात्याचा अंमल चालत नाही. रॅशर यांच्या गटाचं म्हणणं असं की, पाणमांजरांची संख्या सावरली तर निदान स्थानिक पातळीवर या थरांना वेळ मिळेल. कार्बन कमी करण्याचं काम जगाचं आहे आणि त्याचा परिणाम या पाण्यापर्यंत पोचायला पिढ्या लागतील, तोवरचा वेळ. मला हे पटतं, पण ‘वेळ मिळेल’ म्हणजे नक्की किती, याचा हिशेब त्या शैवालाच्याच घड्याळावर लावावा लागतो.

1911 च्या करारापासून आजपर्यंत, न चावता, न पोखरता, एखाद्या आडोशाच्या खडकावर हे शैवाल वर्षाला एक पट्टा या गतीने वाढत राहिलं असेल असं धरा. फरचा व्यापार थांबला, पाणमांजरं परतली, तीन अणुचाचण्या झाल्या, ऑर्का आले, पाणमांजरं पुन्हा गेली. एवढ्या सगळ्या काळात त्याच्यावर चढलेला थर चार सेंटिमीटरच्या आत भरेल. हाताची दोन बोटं आडवी धरली तर जेमतेम तेवढा.